सहावा पेला

आधी तळ बघायचा, मग तोंड.
माणसांच्या बाबतीत आपण उलट करतो,
म्हणून फसतो, अब्बा म्हणायचे
जुन्या बाजारात, पोत्यावर मांडी घालून.

फुंकलेल्या काचेला तळाशी बेंबी असते,
सळईवरून तोडल्याची.
साच्यातली असेल तर शिवण बघ.
शिवण ओठावर चढली, यंत्राचं काम.
ओठाखालीच विरली, तर कुणाचा तरी हात लागलाय.
आणि ओरखडे.
खरे ओरखडे बेशिस्त असतात,
हजारदा कुणी पेला टेकवलेला असतो
घाईत, रागात, अर्धवट झोपेत.
सगळे एकाच दिशेचे दिसले
तर समज, काल रात्री पॉलिशपेपर फिरलाय.

एरंडवणे. सोसायटी पुनर्विकासाला निघालेली,
जिन्यात खोकी, बेल भिंतीतून सुटून लोंबणारी.
शरयूताई घारपुऱ्यांनी टेबलावर मांडले
पन्ह्याचे सहा पेले, पोपटी, पातळ,
प्रत्येकाखाली घडी घातलेला रुमाल.
"पूर्ण सेट आहे. एकही फुटलेला नाही,"
म्हणाल्या, जरा जास्तच ठासून.

मी अंगठा फिरवत गेलो.
बेंबी. बेंबी. बेंबी.
पाचव्यापाशी चहा आला.
सहाव्याचा ओठ काही ओळख देईना.

"पडदे ओढता का जरा?"
खिशातली जांभळी बॅटरी लावली.
पाच पेले पेटले, हिरवेगार,
काजवे कोंडल्यासारखे.
(युरेनियम घालायचे पूर्वी काचेत, चिमूटभर.
घाबरू नका, इतकी वर्षं पन्हं प्यायलातच की.)
सहावा तसाच बसून राहिला,
उत्तर न येणाऱ्या पोरासारखा.

अंधारात त्या हसल्या,
आधी नाकातून, मग मोकळ्या.
"एकोणसत्तर साल. लग्नाला पाच आठवडे.
मोरीत सटकला हातातून.
तुकडे पदरात बांधून बोहरी आळी पालथी घातली.
पावणेदोन रुपये पडले, माहेरच्या पैशातले.
पुढे मामंजींना ताक त्याच पेल्यात लागायचं.
म्हणायचे, याची काचच वेगळी."

मी कागदावर आकडे लिहिले.
पाच नग, नऊ हजार.
सहा जुळले असते तर पंधरा.
सहावा, वीस रुपये,
तेही तुमच्या चहाला जागून.
त्यांनी चष्मा लावला, वाचलं,
विसावर बोट ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही.
"सहाही न्या. नव्या घरी कपाटं उथळ आहेत.
फक्त पुढच्या गिऱ्हाइकाला
अंधारात दाखवू नका."

हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

रात्री वही उघडली.
नग सहावा. बोहरी आळी, एकोणसत्तर.
ओठ यंत्राचा. टवका नाही, चीर नाही.
तळाचे ओरखडे: अस्सल.
किमतीच्या रकान्यात अब्बा ओढायचे तशी
आडवी रेघ ओढली.
तिचा अर्थ, गिऱ्हाईक बघून सांगू.