नाव नसलेला तुकडा

गंगावेशीतल्या आमच्या खाणावळीत
बोकडाच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे.
काळीज, गुर्दा, तिल्ली, भेजा, वजडी, मुंडी, पाया.
गिऱ्हाईक नावानं मागतं, हिंदुराव नावानं वाढतात.
फक्त जठराच्या मागं दडलेली
ती फिकट, गुठळ्यागुठळ्यांची, जिभेएवढी पट्टी
एकतीस वर्षं वजडीच्या पाण्यातून वाहून गेली.
हे काय, असं कुणी विचारलं नाही.
धुणारी मीच. मीही नाही.

मग वैशाखातल्या एका मंगळवारी
हिंदुराव पातेल्यासमोर वाकले ते सरळ झालेच नाहीत.
पोटातून पाठीत, म्हणाले, सळई घातल्यागत.
सीपीआरच्या वॉर्डात डॉक्टर शिरगुप्पे बाईंनी
आमच्याच बिलबुकाच्या पाठीवर चित्र काढलं
आणि नाव सांगितलं : स्वादुपिंड.

स्वादु!
रडायच्या जागी मला हसू आलं.

बाई म्हणाल्या, रोज तांब्या-दीड तांब्या रस गाळतं हे.
जठरातून आंबट घाटा उतरला
की आधी सोड्यासारखं खारं पाणी सोडून आग विझवतं.
मग एक रस भाकरीच्या पिठाची साखर करत जातो,
एक कटाच्या मागं लागतो.
कट पाण्यात मिसळत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं?
नका सांगू, बाई. दिवसाला शंभर ताटं घासते मी.
पित्त त्या कटाचे बारीक थेंब करतं,
आणि हा ते थेंब कातरत बसतो.

तिसरा मटणाचा रेषा न रेषा उकलतो.
पण त्याला झोपेतच पाठवावं लागतं.
घरात जागा झाला तर घरच खाईल,
तेही मांसाचंच ना.
आतड्याच्या उंबऱ्यावर पोचला की मग उठवायचं.

हरभऱ्याएवढा पित्ताचा खडा
नेमका उंबऱ्यात अडकला होता.
दार बंद. आतले जागे झाले.

रात्रभर वॉर्डाबाहेरच्या बाकावर मला कच्ची पपई आठवत राहिली.
जून मटणाला तिचा चीक चोळताना
बोटांची सालं निघायची,
तेव्हा सासूबाई म्हणायच्या,
मटण कुठलं आणि हात कुठला
हे पपईला कळत नाही गं.

आता हिंदुराव गल्ल्यावर बसतात.
वीस किलो उतरलेत, सदरा दुसऱ्याचा वाटतो.
पांढरा रस्सा दोन चमचे,
पहिल्या घासाला एक कॅप्सूल, अर्ध्या ताटावर दुसरी.
जेवणाच्या सोबतीनंच आत जायचं तिनं,
मागं राहून उपयोग नाही.
औषधाच्या दुकानातला पोरगा सहज बोलून गेला,
डुकराच्या त्याच अवयवापासून करतात हे.
मी गप्प.
हिंदुरावांनी एक उघडून तळहातावर ओतली,
मोहरीहून बारीक दाणे बघत राहिले.
"त्याच्या तुकड्याला कुणीतरी विचारलं म्हणायचं,"
म्हणाले, आणि दाणे परत भरून गिळली.

परवा वजडी धुताना ती पट्टी हाताला लागली.
लगेच पाण्यात सोडवेना.
ओट्याच्या कडेला ठेवली, उजेडात.
बाहेरून हाक आली, "वैनी, तांबडा!"
वाट्या भरून गेले.
परत आले तर ओटा रिकामा
आणि मोरीच्या कट्ट्यावर मांजर
डोळे मिटून मिशा चाटत बसलेलं.