नसलं तरी चालेल

रामबागेतल्या पतपेढीची महिन्याची पावती छापायला
एक स्क्रिप्ट लिहिली मी, दीडशे ओळींची.
चौथ्याच ओळीत तिला सांगून ठेवलं:
ही लायब्ररी मिळते का बघ.
मिळाली तर घे. नाही मिळाली
तर बोभाटा नको, पुढे चल.

इंदुरात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.
पोह्यांवर जीरावन असेल तर भुरभुरतो,
संपलं असेल तर शेव जास्त घालतो,
शेवही नसेल तर लिंबू पिळून खातो, उभ्या उभ्या.
बोलतानाही तेच.
मराठी शब्द सापडेपर्यंत कोण थांबतं?
शेजारचा हिंदी उचलायचा, आपला प्रत्यय डकवायचा.
"रिक्षा इथून मोडा," म्हणाले मी एकदा,
तर पुण्याची मावसबहीण दांडा धरून बसली.

ही लायब्ररी अक्षरं जोडणारी.
ऱ्हस्व वेलांटीला अक्षराच्या अलीकडे नेऊन बसवणारी,
अर्ध्या 'त'ला 'स'च्या खांद्यावर टेकवणारी.
माझ्या लॅपटॉपवर ती होती.
पतपेढीच्या कळकट संगणकावर नव्हती.
स्क्रिप्टने पाहिलं, समजून घेतलं,
आणि सांगितल्याप्रमाणे गप्प राहिली.

अकरा महिने.
शिरीष धर्माधिकारींचा 'शरिीष' झाला,
पहिली वेलांटी घर सोडून 'र'कडे राहायला गेली.
ज्योत्स्ना मिरीकर
'ज् योत् स् ना' होऊन पावतीभर लंगडत राहिल्या.
आकडे मात्र बरोबर, पैसा न् पैसा.
म्हणून कुणी काही बोललं नाही.

असेल तेव्हा दिवाळी, नसेल तेव्हा शिमगा,
म्हण ठीक आहे.
पण शिमग्याला निदान बोंब तरी मारतात.

मार्चमध्ये हिशेबासाठी गेले,
तर खजिनदार त्र्यंबक पिंगळे टेबलाशी,
हातात भिंग, निळ्या शाईचं पेन,
चारशे बारा पावत्यांवर चारशे बारा नावं
पुन्हा जोडत बसलेले.
दर महिन्याला?
"हो," म्हणाले, "मला वाटलं, जोडाक्षरं
अजून शिकवली नसतील त्याला."
त्यांचं स्वतःचं नाव गठ्ठ्यात सगळ्यात खाली,
'त् र् यं ब क', दुरुस्त न केलेलं.

त्याच दुपारी चौथी ओळ उघडली.
मी सगळंच गिळायला सांगितलं होतं तिला:
लायब्ररी नसणंही,
आणि असून आतून मोडलेली असणंही.
दोन्ही दुखणी एकाच चादरीखाली.
आता ती फक्त नसणं ओळखते,
बाकी काही झालं तर ठणाणा करते.
रंगीत किनार, बचतीचा आलेख, वरची समई,
ही असली तर असली. नसली
तर एक ओळ लिहून कळवते: आज समई नाही.
अक्षरजोडणी मात्र त्या यादीतून काढली.
ती नसेल तर पावती नाही.

लायब्ररी बसवली. पहिली पावती काकांचीच काढली.
कागद गरम होता.
त्यांनी भिंग धरलं 'त्र्यं'वर, बराच वेळ,
एका खाटेवर निजलेली तीन पोरं मोजावीत तसं.
"अनुस्वारही आलाय," म्हणाले.

मग विचारलं,
"पुढच्या वर्षी नवा संगणक घेतायत. त्यात नसली तर?"
तर ती थांबेल, काका. ओरडेल.
"ओरडू दे."
पेनाला टोपण लावलं, खिशाला अडकवलं.
मी चपला घालेपर्यंत
ते पुन्हा बाहेर निघालं होतं.
"विश्वास आहे गं," भिंग पुसत म्हणाले,
"पण एकदा बघतो."