पकड

पिंपळझिऱ्याच्या दवाखान्यात
कवेलूंतून उन्हाचे चट्टे पडायचे त्या भिंतीवर
काचेत एक बाई होती.
हातात पकड. पकडीत दात.
माय म्हणायची, अपोलोनिया.
गावाच्या तोंडात ते बसेना. गाव म्हणायचं, दातवाली.
दाढ ठणकली की लोक लवंग चावत यायचे,
आधी काचेला बोट टेकवायचे,
मग सलोमी सिस्टरपुढं जबडा उघडायचे.

चित्रात ती कोवळी, गाल भरलेले.
"खोटं हाय थे," सिस्टर उकळत्या पाण्यातून पकड काढत सांगायची,
"थे म्हातारी होती. अलेक्झांड्रियाची.
दुखल्याखुपल्याच्या घरी भाकर घेऊन जाये.
मंग एक दिवस गावच उठलं.
जबड्यावर हाणलं, सारे दात पाडले.
वेशीबाहेर जाळ केला. म्हणे,
आमी म्हनतो थे म्हन, नाईतर..."
एवढ्यावर थांबून ती कापूस बुडवायची.

मी सात वर्षांची. कंदील धरायचं काम माझं.
माझाही एक दात हलत होता.

हुळ्याच्या दिवसांत पंचफुला आली,
तायवाड्यांची सून, तोंडावर पदर.
विहिरीवर पडली म्हणाली.
विहिरीला बोटं नसतात.
तिच्या गालावर चार होती.

दोन दात निघाले, तिसरा अर्धा.
चिलमचीत थुंकून तिनं भिंतीकडं हात केला.
सिस्टरनं तिला सांगितली, शेवटापर्यंत:
म्हातारी म्हणाली, जरा हात सोडा.
त्यांना वाटलं, वाकली. सोडले.
आणि ती आपणहून जाळात गेली.

पंचफुलाच्या तोंडात बोळे होते,
तरी मला कळलं:
"हात सोडले होते नं, बाई?
मंग पयाली काऊन नाई?"

स्टोव्ह फरफरत राहिला.
प्रत्येक प्रश्नाला सिस्टरकडे एक वचन असायचं.
याला नव्हतं.

त्या रात्री धुऱ्यावर कुणी पऱ्हाटी पेटवली होती.
जाळापलीकडं ती उभी दिसली मला,
फार जवळ. पदरसुद्धा सावरलेला नाही.
मायनं माझा हात ओढला.

सकाळी तायवाड्यांची चूल थंड.
दोन दिवस विहिरीत गळ फिरवला,
एक बादली निघाली, त्यांचीच.
राखेतही काही नव्हतं. मी काडीनं उकरून पाहिली.

नंतर सिस्टर गोष्ट सांगायची ती
हात सोडले, इथपर्यंतच.
माझा दात पडला तो मी कवेलूंवर फेकला नाही,
काचेमागं सरकवला.

आता माझे दात रात्री पेल्यात असतात.
बोळक्या तोंडानं झोपायला जाते तेव्हा
कधी कधी ती येते, चित्रातली नाही, म्हातारी.
समोर जाळ, मागं माणसं.
हात नुकतेच सुटलेत.
ती मनगटं चोळते आहे.