पुन्हा मोजतो

आठवड्याला तीन गिनी, जेवण फुकट.
अट एकच : उंची पाच फुटांच्या आत.
हलच्या गोदीत मासे उतरवणारा मी,
आल्फ ट्रॅन्मर, साबणानं न जाणारा कॉडचा वास अंगाला,
असा पासष्टच्या मार्चमध्ये मँचेस्टरला आलो
आणि टेलिव्हिजनवर राक्षस झालो.

राक्षस म्हणजे काय, तर
दुधाचा मोठा कॅन, बुडाला चहाच्या गाडीची चाकं,
डोळ्याच्या जागी मॉरिस मोटारीचा दिवा,
आणि पोटात दुकानातल्या गल्ल्याचं यंत्र,
आतून दांडा ओढला की आकडे फिरायचे.
सिरिल ऑकेंडननं हे सगळं सत्तावीस पौंडांत बसवलं
आणि वर उरलेल्या चार शिलिंगांची बिअर प्यायला.
माझ्या नाकासमोर एक जाळी ठेवली, गाळणीएवढी.

आवाज माझा नव्हता.
शेजारच्या खोलीत एक उंच, सभ्य गृहस्थ
गळ्याला मफलर गुंडाळून माइकमध्ये म्हणायचे,
एक. दोन. तीन.
आणि आकडा जुळला नाही की, अगदी शांतपणे,
पुन्हा मोजतो.
बस्स. किंकाळी नाही, धमकी नाही.
शनिवारी संध्याकाळी देशभरची पोरं
टेबलाखाली शिरून एकमेकांचे हात धरायची.
ग्रिम्सबीच्या एका मुलीनं पत्र धाडलं :
आमच्याकडे आम्ही चौघं. मांजर धरू नये.

गोष्टीत त्याचा जन्म असा होता :
विझत चाललेल्या एका ग्रहावर
लोकांनी यंत्र केलं, कुणी हरवू नये म्हणून.
रोज रात्री ते सगळ्यांना मोजायचं.
मग एक जण हरवला.
हरवणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.
त्यानं पुन्हा मोजलं, पुन्हा मोजलं,
हिशेब काही जुळेना, तेव्हा
जो आकडा कधीच चुकत नाही
त्याच्या दिशेनं ते निघालं.
शून्याच्या.

हे लिहिलं मेव्हिस थर्लबीबाईंनी.
मूळच्या टायपिस्ट. एका रविवारी
दुसऱ्याची संहिता टाइप करता करता कंटाळून लिहिलेलं.
कँटीनमध्ये मी विचारलं, असलं सुचतं कुठून?
त्यांनी चहात बिस्किट बुडवलं,
ते तुटून तळाला गेलं तरी हात तसाच.
मग म्हणाल्या, तुम्ही हलचे ना? एक्केचाळीसचा मे.
म्हटलं, हो.
पुढचं फारसं सांगावं लागलं नाही.

शाळेचं तळघर. वॉर्डन पिकर्सगिल,
एका पायानं अधू, खिशात पेपरमिंट.
रोज रात्री टॉर्च घेऊन पोरं मोजायचे. तेवीस.
त्या रात्री बावीस.
डेनिस, बाईंचा धाकटा भाऊ,
सशाला आणायला परत गेला होता.
बाँबची भीती नाही वाटली, म्हणाल्या,
बाँब थांबतात.
पिकर्सगिल थांबले नाहीत.
टॉर्च एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर,
एकवीस, बावीस, थांबा हं, पुन्हा मोजतो,
उजाडेपर्यंत,
इतक्या मायेनं
की त्यांचा गळा दाबावासा वाटला मला.
सात वर्षांची होते, म्हणाल्या,
आणि बशीतला सांडलेला चहा परत कपात ओतला.

शेवटचा भाग जूनमध्ये.
यंत्र मोडायचं होतं.
संहितेत लिहिलं होतं : बावीसवर अडकते. दिवा विझतो.
शेजारच्या खोलीतून तो सभ्य आवाज आला,
एकवीस. बावीस.
मी दांडा ओढला, दिवा बंद केला,
आत अंधार, माझ्याच घामाची वाफ,
आणि कुणी सांगितलेलं नसताना
मी म्हणालो, तेवीस.

आत माइक नव्हता.
कुणाला ऐकू जायचं कारण नाही.
कॅमेऱ्यामागे उभ्या बाईंनी तेवढी मान वर केली,
किंवा केली असं मला वाटलं.
त्या जाळीतून नीट दिसत नसे.