तिसरी पाळी, होटगी रोड

लॉन लग्नाचं होतं.
कमानीवर कालच्या नवरानवरीची नावं अर्धी उपटलेली,
थर्माकोलचा एक 'श्री' तेवढा लटकत,
खुर्च्यांना अजून सोनेरी फिती.
तिसऱ्या रांगेत मी आणि पद्मा येमूल.
तिच्या पिशवीत पाणी, शेंगाचटणी, कडक भाकरी,
कारण रॉकचा कार्यक्रम किती वाजता संपतो
हे आम्हाला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

सत्त्याऐंशी साली साखर पेठेत
ते गणपतीच्या मांडवात वाजवायचे.
करंट मागाच्या शेडमधून ओढलेला,
गिटार चर्चमधून मागून आणलेली,
आणि ड्रमवर अंबादास गुंडेटी,
ज्याला ताल कोणी शिकवला नाही,
त्याची झोळीच दोन मागांच्या मधे बांधलेली असायची.
बँडचं नाव तिसरी पाळी.
नावावरून आम्ही पोरी ओढणीत तोंड दाबून हसायचो.
घरी विचारलं तर, भजन आहे, म्हणायचो.

मांडवात पोरं.
आम्ही गच्चीवर, टाकीच्या मागं,
मांडीवर विड्यांचं सूप.
'धोटा' लागलं की माझी कात्री चुकायची,
पान तिरकं जायचं,
शंभरात सात-आठ विड्या कमी भरायच्या
आणि आई माझ्याकडे नाही, टाकीकडे बघायची.

त्यातलं ते मल्लिनाथ हत्तुरेचं वरचं ओरडणं!
सूत तुटायच्या आधी ताणतं ना, तसं,
टाकीच्याही वर.
मी नुसते ओठ हलवायची.
एक तर पोरगी.
शिवाय तिथवर जाणार कोण?

मग शेड मिटल्या.
कोण भिवंडीला, कोण सुरतला,
सायमन उजागरे रेल्वेत लागला.
आमची लग्नं झाली, बाकी काय सांगायचं.

आज आले.
सायमनचं पोट गिटारच्या आधी स्टेजवर,
गुंडेटीच्या मनगटाला पट्टा,
बासवाल्या बागवानभाईंना खुर्ची दिली
ती त्यांनी ऐटीत पायानं मागं सारली,
दोन गाण्यांनी हळूच परत ओढून घेतली.
पहिलं गाणं बेसूर गेलं, खरं सांगते.
दुसऱ्यात स्पीकर शिट्ट्या मारत होता.
मागून एक पोरगं ओरडलं, बसा की बे काका आता!
पद्मा वळली.
सव्वीस वर्षं आठवीला गणित शिकवलंय तिनं.
पोरगं बसलं.

मग 'धोटा'.
खटक-खटक, खटक-खटक,
गुंडेटीचा पट्टा सुटला तरी हात थांबेना.
हत्तुरे त्या जागेशी आला
आणि तिथंच उभा राहिला.
सगळं वाजणं थांबलं.
माईकसमोरच पाणी प्याला, गटगट ऐकू आलं.
म्हणाला, "तिथवर आता जाणं होईना बघा.
घरच्या जिन्यात पण मधी थांबतोय मी.
खालच्या पट्टीत घेतो. चालतंय का?"
चालतंय की, अख्खं लॉन म्हणालं.

घेतलं त्यानं खाली.
इतकं खाली, की भांडी घासताना
मी नकळत लावते, त्याच सुरात येऊन थांबलं.
थांबलं नाही. माझ्या गळ्यात शिरलं.
मी गायले.
तोंडावर पदर नाही, हात नाही, काही नाही.
पद्मा माझ्याकडे बघत राहिली,
मग तिनं भाकरीची पिशवी खाली ठेवली.
आमचा आवाज कसा आहे
हे आम्हा दोघींना छप्पन्नाव्या वर्षी कळलं.
बरा आहे. जरा घोगरा.

परतताना रिक्षात कान नुसते घुमत होते.
नायना माग बंद करून घरी यायचे
ते ओरडूनच जेवायला मागायचे.
आम्हाला वाटायचं, रागावलेत.
भिंतीला चिकटून ताट पुढं सरकवायचो.
"सात रस्त्यावरनं घ्या," मी म्हणाले.
रिक्षावाला दचकला.
"ओ ताई, हळू की.
ऐकू येतंय मला."