अंतर्गत गुण

कृष्णेचं पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं
तर खालच्या फळीवरचे तीन बॅचचे गुण
एकमेकांच्या पानांत उतरलेले.
निळी शाई, नदीचा गाळ,
आणि मार्केट यार्डातून वाहत आलेली हळद.
रजिस्टरं पाय सुजलेल्या पेशंटसारखी,
बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा.

कौन्सिलचं पत्र आलं: आठ दिवसांत
अंतर्गत गुण पुन्हा सादर करावेत.

पानं सुटी करून मी सलाईनच्या स्टँडला टांगली,
चिमटे म्हणून आर्टरी फोरसेप्स,
आणि टेबलफॅनशेजारी बसून आठवू लागले.

मुजावर तबस्सुम.
चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशांत बसला नव्हता.
मीच फुटपट्टी लावली, मीच दोन गुण कापले.
तोंडीला बाहेरून आलेल्या बाईंनी मनगटाची हाडं विचारली,
ती आठांपैकी पाचांवर अडली
आणि स्वतःच्या मनगटाकडे बघत बसली,
घड्याळ घरी विसरल्यासारखी.
हीच पोरगी जळीत वॉर्डात
ड्रेसिंग सोडवायच्या आधी सलाईनची बाटली
काखेत धरून उभी राहायची, दहा-दहा मिनिटं.
मी ओरडले होते, हे काय चाललंय?
"गार लागतं ओ मॅडम, त्यास्नी."
हे कुठल्या विषयात धरायचं, मला ठाऊक नव्हतं.
धरलं नाही.

इथपर्यंत सोपं आहे.
इथंच थांबले असते
तर निरोप समारंभात सांगायला बरी गोष्ट झाली असती.

पण बिरनाळे आठवते. एकाहत्तर.
पेशंटच्या तोंडाकडे बघायची नाही, चार्टकडे बघायची.
म्हाताऱ्या म्हणायच्या, ती चष्म्याची नको, दुसरी धाडा.
एका रात्री डॉक्टरनं घाईत लिहिलेल्या डोसात
एक आणि पाच यांच्यामधलं टिंब राहून गेलं होतं.
बाळ नऊ दिवसांचं, कवठेमहांकाळकडचं.
तिनं तळहातावर पेनानं गणित मांडलं
आणि भरलेली सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली.
डॉक्टर ओरडला.
ती म्हणाली, पान नंबर सांगू?
त्या बाळाचे दुधाचे दात आता पडत असतील.
यात माया कुठं होती?
की तीच होती?

सनदी भारत. याचे किती, खरंच आठवत नाही.
सगळ्या वॉर्डाचा लाडका.
मयताच्या नातेवाइकांबरोबर रडायचा,
स्वतःच्या पैशानं चहा आणायचा,
आणि पहाटे चारला थेंब मोजता मोजता
स्टुलावर झोपून जायचा.

आणि मी.
मी पहिली आले होते, मिरजेला, फोटो छापून आला होता.
म्हणून तर ही खुर्ची.
सोळा वर्षांत एकही शीर शोधलेली नाही.
माझी परीक्षा घ्यायला बाहेरून कोणी येत नाही.

सातव्या दिवशी एकेकाला फोन लावला.
सगळ्यांना आपापले गुण पाठ, अर्ध्यासकट.
मला वाटलं होतं, विसरले असतील.
"एक्केचाळीस, मॅडम," तबस्सुम म्हणाली, विट्याहून,
"कोपऱ्याचे दोन गेले न्हवं का.
जरा थांबा हं."
आणि फोन तसाच चालू ठेवला कुठंतरी, खिडकीत असावा.

वाळून कडक झालेल्या पानावर
मी एक्केचाळीस लिहिले.
त्रेचाळीस लिहिता आले असते,
विचारणारं कोण होतं.
पुढचा रकाना शेऱ्याचा, हळदीनं पिवळा,
त्यावर पेन उठेना.

फोन बंद करायला हातात घेतला
तर आत ट्रॉलीचं एक चाक कुरकुरत होतं,
नळ वाहत होता,
कुणीतरी दात आवळून कण्हत होतं,
आणि ती विचारत होती,
"गार लागतंय का, काकी?"