वारशाने नको

सांतान फोनवर एवढंच म्हणाला,
"बाय, दार उशिरा पडता."
रात्रीचे सव्वादोन. जुवें बेटावरचं मानस,
जुन्या फळ्यांच्या जागी आता पोलादी झडप,
बाजूच्या सिमेंटच्या खोपटात
माझा छोटा संगणक, चहापुडीच्या डब्याएवढा.

पूल ओलांडून स्कूटर बांधाला लावली.
किती उशीर? म्हटलं.
"दोन खोकले."
दोन खोकल्यांत किती खारं पाणी खाजनात शिरतं
ते त्याला ठाऊक. रोज दोन भरत्या,
आणि आत भाताची रोपं बोटभर.

मांडीवर लॅपटॉप उघडला. डास जमले उजेडाला.
प्रोग्राममध्ये अकरा थ्रेड.
एक पाण्याची उंची वाचून दार पाडणारा,
बाकीचे नोंदी लिहिणारे, फोटो काढणारे,
कार्यालयाला अहवाल धाडणारे,
जे अहवाल कुणी उघडत नाही.
दाराच्या थ्रेडला मी प्राधान्य दिलं होतं.
दिलं होतं रे सांतान, ही बघ माझ्या हातची ओळ:
धोरण फिफो, प्राधान्य ऐंशी.
उत्तर आलं शून्य.
सी भाषेत शून्य म्हणजे तक्रार नाही.

मग चालत्या थ्रेडलाच विचारलं, तुझं प्राधान्य किती?
म्हणाला, शून्य.

हे शून्य वेगळं.

कोरा अॅट्रिब्यूट कोरा नसतोच.
आपण पेन टेकवण्याआधी त्यात लिहिलेलं असतं:
ज्याने जन्माला घातलं त्याच्या चालीने चाल.
वर मी ऐंशी लिहिलं काय, नव्वद लिहिलं काय,
तो माझा कागद नीट घडी घालून ठेवतो
आणि मेनच्या मागे रांगेत उभा राहतो.
मेन साधी. सगळ्यांना आधी जाऊ देते.

एप्रिलमध्ये मला टीम लीड केलं.
पत्र आहे, फाइलमध्ये आहे.
वेर्ण्याच्या मीटिंगांत चहा अजून मीच सांगते.

असो. एकच ओळ राहिली होती,
वारशाने नको, लिहिलंय तसं घे,
ती घातली, थ्रेड जन्मायच्या आधी,
कारण जन्मल्यावर हा कागद कुणी पुन्हा वाचत नाही.
चालवलं.
परवानगी नाही.

गंमत बघ, गप्प राहून आईसारखं जगायला
कुणी दाखला मागत नव्हतं.
स्वतःचं मागितलं तर लगेच, तू कोण?

पासवर्ड वेर्ण्याला, श्रीपादच्या वहीत,
श्रीपाद झोपेत, फोन उशीखाली.
तोवर सांतानने लुंगी खोचली
आणि हाताचं चाक फिरवून झडप खाली घेतली,
दात ओठात, एकही शब्द नाही.
मग बांधावर टेकून म्हणाला,
बापाच्या वेळी लाकडाची दारं होती.
पाणी चढलं की आपसूक मिटायची,
उतरलं की उघडायची.
त्यांना कोण सांगत होतं?

मला उत्तर सुचलं नाही.
पाणी, म्हटलं शेवटी. त्याने मान हलवली,
होय की नाही ते अंधारात कळलं नाही.

साडेतीनला श्रीपादने पासवर्ड सांगितला,
शिवीसकट. हक्क दिला. पुन्हा जन्म दिला थ्रेडला.
विचारलं, किती?
ऐंशी.

झडप वर घेतली. संवेदकाची दोरी
सांतानने हाताने पाण्यात सोडली, आणि मुद्दाम खोकला.
पहिला खोकला संपायच्या आत दार खाली,
चिखल उडून माझ्या चष्म्यावर.
"आता बरें," म्हणाला, आणि खरंच खोकत राहिला,
विड्यांचा खोकला, बराच वेळ.

सकाळी कार्यालयाचा निरोप:
तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनंतरच्या
दोन सेकंदांची नोंद गहाळ आहे, खुलासा करावा.
तेव्हा दार पडत होतं.
खुलासा अजून लिहिलेला नाही.